चिनी देवीला मालवणी गाऱ्हाणं

“देवी हस गया, हबीबी,” असं म्हणत तो जमिनीवर पडलेल्या दोन लाकडी फोडी उचलायचा आणि पुन्हा डब्यातले नूडल्स खायला बसायचा.

दुबई मरीनातल्या आमच्या शिपिंग ऑफिसात तो सगळ्यांत जुना. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावचा. हिंदी इथंच शिकलेला, तीही स्वतःच्या व्याकरणानं. जेवणाच्या सुट्टीत पँट्रीत त्या फोडी टाकून तो देवीचं मत घ्यायचा. एकीची सपाट आणि दुसरीची फुगीर बाजू वर आली की होकार. दोन्ही सपाट आल्या की देवी हसली, म्हणजे पुन्हा विचार. मोठ्या कामाला मात्र सलग तीन होकार लागत. आज चहात साखर घालू का, हेही तो विचारायचा. तुमच्याही ऑफिसात असं एखादं पात्र असेलच.

गेल्या वर्षी प्रश्न खरोखर मोठा होता. गावातलं या देवीचं आणि इतर समुद्रदेवांचं ताओ पंथाचं देऊळ नव्यानं बांधत होते. शिळेवर कोरायचा इतिहास लिहायला त्याला सांगितलं होतं, कारण आजोबांच्या तोंडून तो ऐकलेला हा एकटाच उरला होता. जुनं देऊळ वादळात वाहून गेलं, तेव्हा मासे खारवणाऱ्या एका विधवेनं देवीची मूर्ती पाण्यातून ओढून काढली आणि कित्येक वर्षं आपल्या चुलीपाशी सांभाळली. गावच्या पंचांना शिळेवर फक्त देणगीदार हवे होते. याला ती बाई हवी होती.

पंचांशी भांडू का, असं तो रोज विचारी. दोन होकार मिळत, तिसऱ्याला देवी हसे. त्याचा डबा अर्धा उरू लागला, तशी मला त्याची काळजी वाटू लागली.

मी मालवणची. त्याला म्हटलं, “पहले देवी को पूरी कहानी सुनाओ, फिर पूछो.” आमच्याकडे याला गाऱ्हाणं म्हणतात, आणि बाकीच्यांनी दर वाक्याला हुंकार द्यायचा असतो, हेही समजावलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं हात जोडून आपल्या भाषेत सगळा इतिहास सांगितला. तो थांबला की मी आणि अकाउंट्समधला केरळी म्हणत होतो, “व्हय महाराजा.” मॅनेजरनं दार उघडून बघितलं आणि हळूच लावून घेतलं.

तीन वेळा फोडी पडल्या. तिन्ही होकार.

“अब मैं जाएगा,” तो डोळे पुसत म्हणाला. पंचांशी फोनवर काय भांडणार? त्याच महिन्यात तो नोकरी सोडून गावी गेला.

परवा त्याच्याकडून एक फोटो आला. काळी शिळा, उभ्या ओळी, आणि एका ओळीवर टेकवलेलं त्याचं बोट. आम्हाला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. पँट्रीत त्याच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून मी हळूच म्हटलं, “व्हय महाराजा.”

मागून केरळी आवाज आला, “व्हय महाराजा.”