चिऊची शू, दहा चाळीस

सर्व आप्तेष्टांना, शेजाऱ्यांना आणि विशेषतः ज्यांच्याकडे जादा बॅग, चालू टॉर्च किंवा सहनशक्ती शिल्लक असेल अशांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझे साडू पुन्हा एकदा सहलीला निघाले आहेत. माणसं मौजेसाठी फिरायला जातात असा आपला एक भाबडा समज आहे. माझे साडू चिडण्यासाठी जातात. अख्ख्या डोंबिवलीत त्यांच्याइतक्या संतापाने सहलीची आखणी करणारा माणूस आजवर झालेला नाही, आणि यापुढे होऊ नये अशी माझी रोजची प्रार्थना आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात ते सुपरवायझर आहेत. तिथे दिवसभर स्प्रिंगा दाबून पाहतात आणि संध्याकाळी स्वतः एखाद्या दाबलेल्या स्प्रिंगेसारखे घरी येतात. सहल ठरली की ती स्प्रिंग सुटते. आधी ते हॉटेलवाल्यांवर चिडतात. म्हैसूरच्या एका हॉटेलला त्यांनी फोन करून विचारलं होतं, "तुमच्या बाथरूममधल्या बादलीत पाणी किती लिटर मावतं?" पलीकडच्या माणसाला ते ठाऊक नव्हतं. "स्वतःची बादली माहीत नाही आणि हॉटेल चालवतात!" असं म्हणून त्यांनी फोन आपटला, आणि मग त्याच हॉटेलात खोली घेतली, कारण तिथे जाऊन बादली मोजायची होती. मग ते बॅगांवर चिडतात. प्रत्येक बॅग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या काट्यावर घालून आणतात. एकदा मेहुणीची बॅग अर्धा किलो जास्त भरली तेव्हा भाजीवाल्यासमोरच तिच्यातून दोन साड्या काढल्या, आणि भाजीवाल्याने सवयीने त्यावर मूठभर कोथिंबीर टाकली. मोबाइलमधल्या नकाशातल्या बाईशी तर त्यांचं उभं वैर. ती "उजवीकडे वळा" म्हणाली की हे "का?" विचारतात. आणि गळ्यात शिट्टी. कारखान्यातली, पितळी. परक्या शहरात कुटुंब चार पावलं पांगलं तरी ती अशी काही वाजते की आसपासची अनोळखी कुटुंबंही दचकून रांगेत उभी राहतात.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे रंगीत तालीम. नाटकाची असते तशी. जे शहर पाहायला जायचं, त्या शहराची तालीम आधीच्या रविवारी ठाण्यात होते. तलावपाळी त्या गावचं सरोवर होते, घोडबंदर रोडवरचा माझा फ्लॅट हॉटेल होतो, आणि मी, ज्याला रविवारी आंघोळसुद्धा दुपारी करायची असते, तो सकाळी साडेनऊला स्टेशनबाहेर 'स्थानिक गाइड' म्हणून उभा राहतो. मी दरवर्षी चिडून नाही म्हणतो आणि दरवर्षी उभा असतो.

तर तीन वर्षांपूर्वी हैदराबाद ठरलं. साडूंचं छापील वेळापत्रक नात्यातल्या ग्रुपवर आलं, आणि त्यात नेहमीप्रमाणे एक ओळ होती: '१०.४० – चिऊची शू.'

चिऊ म्हणजे साडूंची एकुलती एक लेक, कागदोपत्री सानिका. ती चार वर्षांची असताना महाबळेश्वरच्या घाटात एस.टी.त फार पंचाईत झाली होती, तेव्हापासून दर सहलीत तिच्यासाठी ठरलेला थांबा असतो. "थांबलोच आहोत तर," म्हणून साडूही जाऊन यायचे. घाटातली चिऊ चार वर्षांची होती. आताची सोळा वर्षांची होती, अकरावीत होती, आणि मला फोनवर ओरडत होती.

"काका, ग्रुपवर सत्तावीस लोक आहेत! मोठ्या आत्याने त्याला अंगठा दिलाय! अंगठा! कुणीतरी स्क्रीनशॉट काढून माझ्या क्लासपर्यंत पोचवलाय. मी नाही जाणार हैदराबादला. ती लाइन काढा नाहीतर मी आजीकडे राहते. सिरियसली, काका."

मागून साडूंचा आवाज आला, "लाइन जाणार नाही! चारमिनार गेला तरी चालेल, लाइन जाणार नाही!"

"बघा! ऐकलंत? मी काय बाळ आहे का?"

"अगं, माझ्यासाठी तू..."

"बाबा, मधे बोलू नका ना यार!"

"यार? बापाला यार?" आणि शिट्टी वाजली. घरात. फोनवर ऐकूनही माझा कान आठ दिवस गुणगुणत होता.

मी डोंबिवलीला गेलो. खरं सांगतो, मीही भयंकर तापलो होतो. एका ओळीसाठी माणूस पोटची पोर घरी ठेवून जायला निघतो? मी म्हटलं, "अहो साडू, खोडा की ती ओळ. पोरगी मोठी झाली आता." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्प्रिंग उलटी बसवली होती. "मोठी झाली हे मला कळत नाही? पुढच्या वर्षी बारावी, मग कुठे तरी जाईल शिकायला. ही शेवटची सहल आहे आमची एकत्र. ती व्यवस्थितच होणार! ओळीसकट!" मेहुणी खिडकीतल्या कढीपत्त्याची पिवळी पानं खुडत होती. हिरवीही खुडत होती. शेवटी जिन्यात मी चिऊला गाठून तह केला. तिने तालमीला यायचं. संध्याकाळी मी स्वतः पेनाने ती ओळ खोडणार. "काका, प्रॉमिस?" "प्रॉमिस."

रविवारी तालीम सुरू झाली. तलावपाळीला हुसेनसागर म्हणून दोन फोटो काढले. चिऊ आमच्यापासून वीस पावलं लांब, कानात इअरफोन, जणू ती या टोळीला ओळखतच नाही. मग आम्ही हॉटेलकडे, म्हणजे माझ्या घराकडे, पालिकेच्या बसने निघालो. दहा पस्तीसला हॉटेलात पोचायचं होतं. घोडबंदर रोडला हे सांगायचं राहिलं. मानपाड्याच्या अलीकडे पुढे क्रेन, मागे ट्रक, बाजूला मेट्रोचे खांब, आणि मधे आमची खचाखच भरलेली बस, जी सव्वा अकरापर्यंत एक इंचही हलली नाही. कहर म्हणजे शेवटच्या सीटवर चिऊच्या क्लासमधली चार पोरं-पोरी बसली होती. त्यांनी तिला पाहिलं, साडूंच्या गळ्यातली शिट्टी पाहिली, आणि एकाने हळूच घड्याळात बघून "दहा चाळीस झाले रे!" असं म्हटलं. चिऊचे कान लाल झाले. तिने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यात मी आणि माझं प्रॉमिस दोघेही भाजून निघालो.

साडू मात्र चिडले नाहीत. इथेच मला पहिली शंका यायला हवी होती. त्यांनी ना क्रेनला शिव्या दिल्या, ना कंडक्टरला वाहतुकीचं शास्त्र शिकवलं. दांडा दोन्ही हातांनी धरून, पाय एकमेकांत अडकवून, ते गप्प उभे होते. कपाळावर घामाचे टपोरे थेंब. मग माझ्या कानाशी येऊन, आयुष्यात प्रथमच हळू आवाजात, म्हणाले, "विनायकराव, पुढचा स्टॉप किती लांब असेल हो?"

"का? काय झालं?"

"काही नाही. सहज." मग थोडं थांबून, "शुगर निघाली ना मागच्या वर्षी. त्यात डॉक्टर म्हणतो आणखी पण काहीतरी वाढलंय. हिला सांगितलंय फक्त. चिऊला बोलू नका. आणि ओरडू नका."

मी ओरडणारच होतो. एवढा मोठा बसभर आवाजाचा माणूस, बादल्या मोजणारा, शिट्टीने अनोळखी लोकांना रांगेत लावणारा, आणि साधं "मला उतरायचंय" म्हणायची याची हिंमत नाही! म्हणून लेकीच्या नावाची ओळ धरून बसला होता. मी हळूच कंडक्टरला म्हटलं, "जरा दार उघडता का?" तो म्हणाला, "मधे उघडत नाय. सगळेच उतरायचं म्हणतील." रस्त्याच्या कडेला, तीस पावलांवर, एक पेट्रोल पंप होता. साडू त्या पंपाकडे अशा नजरेने बघत होते की चारमिनारकडेही कुणी बघितलं नसेल.

मी वळलो तेव्हा चिऊने इअरफोन काढलेला होता. किती ऐकलं असेल ठाऊक नाही. ती बापाच्या कपाळाकडे बघत होती, मग त्यांच्या पायांकडे, मग त्यांनी मुठीत चुरगाळलेल्या वेळापत्रकाकडे. एकदा मागच्या सीटकडेही तिने पाहिलं. मग गर्दीतून वाट काढत ती कंडक्टरकडे निघाली.

पुढचं सगळं नीट झालं. हैदराबाद झालं, साडू तिथेही यथेच्छ चिडले, बिर्याणीच्या हंडीचं तोंड मोजून आले. तालमीच्या त्या संध्याकाळी मी दिल्या शब्दाप्रमाणे पेन काढलं होतं, तर चिऊने ते माझ्या हातातून घेऊन टोपण लावलं आणि म्हणाली, "राहू दे, काका." आता ती पुण्याला शिकते, वसतिगृहात राहते, सुट्टी मिळेलच असं नाही. यंदा साडू-मेहुणी दोघंच इंदूरला चाललीत. काल वेळापत्रक आलं. बादल्या, बॅगा, शिट्टी, तालीम, सगळं जिथल्या तिथे. आणि चिऊ नसताना, दहा चाळीसला, तीच ओळ. त्याला पहिला अंगठा पुण्याहून आला होता.

मी हसलो नाही. ती ओळ वाचली की मला ती बस आठवते, मागच्या सीटवरची ती चार टवाळ पोरं, आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असा तो सोळा वर्षांचा, चिडलेला, थरथरता आवाज:

"ओ कंडक्टरकाका, दार उघडा! मला जोरात शू लागलीय! आणि मला एकटीला भीती वाटते, माझ्या बाबांना पण उतरू द्या!"