सरांच्या भिंतीवरचं सहा बोटांचं पाऊल

"सर गेले गं..." तुळजापूरहून सरांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या शाळेत मुलांची चित्रं तपासत होते. डोळ्यांत टिपूस आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी चार शब्द लिहायला काकूंनी मलाच सांगितलं, त्याला माझा इलाज नाही.

सर इतिहासाचे प्राध्यापक. ग्रीसमधल्या एका आरोग्यदेवाच्या प्राचीन देवस्थानाचं उत्खनन ते पाहून आले होते. बऱ्या झालेल्या माणसांनी तिथं वाहिलेले मातीचे हात, पाय, डोळे खड्ड्यांतून निघाले होते. "आपल्या येडेश्वरीला चांदीचे डोळे वाहतात, तसंच की गं हे!" म्हणायचे. त्या ओबडधोबड अवयवांवरच पुढच्या शिल्पकारांचा हात बसला, असा त्यांचा सिद्धान्त. त्यांच्या फोटोंवरून पुस्तकातली सगळी चित्रं मी काढली. तीन वर्षं, चपला उंबऱ्याबाहेर ठेवून, त्यांच्यासमोर मांडी घालून. मग छपाईआधीचं पहिलं पान हाती आलं. त्यावर होतं, 'रेखाटने : लेखक'.

"सर, माझं नाव?"

"नावाचं काय घेऊन बसलीस? काम झालं ना चांगलं?"

तळपायाची आग मस्तकात गेली. एकच चित्र उरलं होतं, मातीच्या एका पावलाचं. फोटोत बोटं पार झिजलेली. मी तिथं माझा डावा पाय काढला, सहाही बोटांसकट. "सहा बोटाची पोर लई भाग्याची असतीया," आई म्हणायची. तीन वर्षं तो पाय सरांसमोर उघडा होता, त्यांना कधी दिसला नाही. चित्रही त्यांनी न बघताच छापलं.

पुढं कुणीतरी त्या सहाव्या बोटाबद्दल विचारलं. चित्र आपणच काढलं म्हणून बसलेले, आता माघार कशी घेणार? 'ही दैवी खूण,' असं सरांनी ठोकून दिलं आणि मग ते त्यावर व्याख्यानंच देत सुटले. नंतरच्या युरोपातल्या चित्रांतही सहावं बोट शोधायला लागले. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. सूडच होता तो, आणि त्याचा पश्चात्ताप मला आजही नाही.

तेराव्यानंतर भेटायला गेले. हार घातलेल्या फोटोशेजारी ते पाऊल, चौकटीत.

"त्यांनी स्वतः काढलेलं," काकू म्हणाल्या. "रोज बाहेर पडताना ह्याला हात लावून नमस्कार करायचे बघ. एक दिवस चुकला न्हाय."

मी अनवाणी उभी होते. खाली पाहिलं... इतकी वर्षं सर रोज माझ्या पाया पडत होते.

काकू, हे वाचून तुम्ही रागवाल. रागवा. पण ते चित्र उतरवू नका. खाली माझं नाव तेवढं लिहा.