उत्तरायणाच्या दिवशी सिनेमाचं भवितव्य

सिनेमाचं भवितव्य ठरवण्यासाठी मी चौदा जानेवारी, दुपारी चार ही वेळ निवडली होती आणि त्यात माझी काहीही चूक नव्हती.

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत मी चित्रपट मंडळ चालवत असे. (चालवत असे म्हणजे खुर्च्या मी मांडायचो, भाषण मी करायचो आणि खुर्च्या मीच उचलायचो.) नव्वदीचं दशक होतं. घरोघरी केबल आलं आणि मंडळाची माणसं एकेक करून गळाली. शेवटी तळमजल्यावरच्या हॉलचे सेक्रेटरी राजेकाका म्हणाले, "हे बघ, पुढच्या कार्यक्रमाला पन्नास डोकी दिसली नाहीत, तर हॉल गरब्याच्या क्लासला देणार. तुझं मंडळ बंद."

"सिनेमा ही समाजाची गरज आहे, काका!"

"समाजाला कळवलंयस का?"

झालं! मी इरेला पेटलो. थेट पुण्याच्या एका दिग्दर्शकांनाच बोलावलं. भालेराव त्यांचं नाव. फार गंभीर सिनेमे काढायचे. इतके गंभीर, की मध्यंतरातसुद्धा कोणी बोलत नसे. विषय ठरला 'सिनेमाचं भवितव्य आणि समाज'. त्यांना सवड होती ती नेमकी संक्रांतीला.

"संक्रांतीला?" माझी बायको मालती ओरडलीच. "अहो, उत्तरायण आहे! त्या दिवशी बडोद्यात कुणी गच्चीवरून खाली उतरतं का? त्यातून माझं हळदीकुंकूही गच्चीवरच आहे."

"कागदाच्या पतंगापुढे सिनेमानं मान तुकवायची? मुळीच नाही! मराठी माणूस येईल!"

"मराठी माणूस पहाटेपासून पतंगांना कणी बांधत बसणार आहे," मालती म्हणाली.

शेजारचे जयेशभाई, ज्यांचा लाउडस्पीकर आणि माइक दरवर्षी गच्चीवर चढतो, त्यांनीही जिन्यात हात जोडले. "अरे साहेब, उत्तरायणे तो भगवान पण धाबा पर होय!" (धाबा म्हणजे गच्ची. चार पिढ्या बडोद्यात काढून हे मला दुसऱ्यानं सांगावं लागलं!) पण मी ऐकतोय कसला! त्याच दिवशी मी जिन्याच्या प्रत्येक वळणावर कार्यक्रमाचा एकेक कागद चिकटवला.

चार वाजता हॉलमध्ये साठ खुर्च्या, एक समई, भालेराव आणि मी. सव्वाचारला एक गृहस्थ आत आले. मी हार घेऊन धावलो. ते कटलेला पतंग शोधत आले होते. त्यांनी खुर्च्यांखाली वाकून पाहिलं आणि निघून गेले.

"सिनेमाचं भवितव्य मला दिसायला लागलंय," भालेराव रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले.

तेवढ्यात संक्रांतीची काळी साडी नेसलेली मालती तिळगुळाचा डबा घेऊन दारात उभी राहिली. "भालेरावसाहेब, वर चला. माणसं वर आहेत."

"कार्यक्रम हॉलमध्ये आहे!" मी गरजलो.

"मग तुम्ही हॉलमध्ये थांबा," ती म्हणाली. भालेराव निमूटपणे तिच्यामागून जिना चढले.

आणि मी थांबलो! तत्त्व म्हणजे तत्त्व. समई पेटवली आणि साठ खुर्च्यांपुढे माझं अकरा पानी प्रास्ताविक सुरू केलं. तिसऱ्या पानावर होतो, तेव्हा वरची गाणी एकदम थांबली. स्पीकरवरून जयेशभाईंचा आवाज आला, "गाना बंध करो! साहेब बोले छे!" पाठोपाठ भालेराव. "सिनेमा हा समाजाचा आरसा आहे..."

"आरसा आमच्या घरात आहे की हो!" हा आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताईंचा. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या हातात खडू असो की माइक, सगळं सारखंच. "आधी तिळगूळ घ्या. घेतलात? आता ऐका. तुमच्या सिनेमात बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत सोसते. दिवसभर घरी सोसायचं आणि संध्याकाळी तिकीट काढून पुन्हा तेच बघायचं? त्यापेक्षा केबल बरं. कंटाळा आला की चॅनेल बदलता येतं. नवरा कुठे बदलता येतो?"

वर हशा उसळला.

"मग बाईनं काय करावं?" भालेरावांनी पडेल आवाजात विचारलं.

"उलट बोलावं! आणि एकदा तरी तिला पोटभर जेवताना दाखवा. मेली नुसती वाढतच असते!"

मग स्पीकरवरून भालेराव खो खो हसले. "थांबा, हे लिहून घेतो मी!"

मला भयंकर राग आला. आणि खरं सांगतो, हेवाही वाटला. ज्या चर्चेसाठी इतकी वर्षं खुर्च्या मांडल्या, ती माझ्या डोक्यावर रंगली होती आणि मी खाली समईची राखण करत होतो!

राजेकाका दारातून डोकावले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "एक."

"काका, वरची माणसं—"

"वरचा कार्यक्रम मालतीचा. तुझं मंडळ इथं."

मंडळ जाणार! मी प्रास्ताविक उचललं आणि तीन मजले धावत चढलो. काका मागून धापा टाकत आले. कुसुमताईंच्या हातून माइक घेऊन मी ओरडलो, "अध्यक्ष जिथं उभा, तिथं मंडळ! हा कार्यक्रम आमचाच आहे! मोजा डोकी!"

आणि काय सांगू! अख्खी गच्ची उसळली. थाळ्या वाजल्या, पिपाण्या वाजल्या! माझे डोळे भरून आले. मी हात जोडून म्हटलं, "आभारी आहे, मंडळी." मग लक्षात आलं, सगळ्यांची पाठ माझ्याकडे होती.

"लपेट! लपेट!" लोक समोरच्या गच्चीकडे बघून नाचत होते. मालतीनं तिथला पतंग काटला होता. आणि हात जोडण्याच्या नादात माझी अकरा पानं वाऱ्यावर निघाली होती.

"चिंता ना करो, साहेब," जयेशभाई आकाशाकडे बघत म्हणाले, "पवन सारो छे!" (वारा छान आहे म्हणे!)

काकांनी डोकी मोजली. ब्याऐंशी. "शिवाय तू," ते म्हणाले. मंडळ वाचलं! अटी तेवढ्या मालतीनं घातल्या: दरवर्षी उत्तरायणालाच चर्चा, गच्चीवर, पाहुणा ती ठरवणार आणि प्रास्ताविक बंद.

पण मी हार मानणारा माणूस नाही. आजही दर उत्तरायणाला सिनेमाचं भवितव्य ठरतं, तेव्हा मी मालतीच्या मागे मांज्याची फिरकी धरून ताठ मानेनं उभा असतो. ढील किती द्यायची, ते मी आणि मीच ठरवतो! मालतीनं "ढील द्या हो!" म्हटलं, की ताबडतोब ठरवतो.