संशयिताची लक्षणं

वर्ल्ड कपच्या तयारीसाठी सगळं दोहा उकरून ठेवलं होतं. काल होता तो रस्ता आज बंद. मदिनत खलीफा भागातल्या आम्हा चार मराठी घरांची मुलं पाळीपाळीने एकेकाच्या गाडीतून शाळेत जायची, आणि वेळेवर पोचायची ती फक्त रत्नागिरीच्या भाईंच्या पाळीला. भाई स्टेडियमच्या कामावर सुपरवायझर; चार घरांत मुसलमान घर तेवढं त्यांचं. कुठलं वळण कधी बंद होणार, हे त्यांना आदल्या दिवशीच ठाऊक असायचं.

एका बुधवारी बातमी आली, भारतात कुणीतरी घरातच बॉम्ब बनवताना पकडला गेला. नाव अजून जाहीर व्हायचं होतं, पण पाळ्या ठरवायच्या आमच्या फोनवरच्या ग्रुपवर निकाल लागलासुद्धा. 'ही माणसं आपल्यातच राहतात, कळत नाही.' पाठोपाठ संशयित ओळखायची लक्षणं: अचानक वाढवलेली दाढी, अवेळी येणं-जाणं, घरात वायरी, दार लावून फोनवर बोलणं. वाचून माझा संताप संताप झाला. आमचे हे मेट्रोच्या कामावर. आळसाने वाढलेली दाढी, शिफ्ट कधीही, डायनिंग टेबलावर वायरींचा पसारा, आणि नाशिकच्या भावाशी फोनवर भांडायचं असलं की दार बंद. या हिशेबाने पहिली धाड आमच्यावरच पडायला हवी होती!

गुरुवारी नाव आलं. ते निघालं आमच्यासारखंच. लगेच सूर बदलला. 'डोक्यावर परिणाम झाला असेल बिचाऱ्याच्या,' 'घरचं टेन्शन असेल.' दहशतवादी हा शब्द पुन्हा कुणी काढला नाही. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, शाळा रविवारपासून; भाईंची रविवारची पाळी मात्र 'तूर्तास' दुसऱ्याला देऊन टाकली. शिकलीसवरली माणसं ही! मी घरात भांडी आपटली, ह्यांचं डोकं खाल्लं.

शनिवारी संध्याकाळी भाई स्वतः दारात आले. हातात कागद, त्यावर रविवारी चालू असणारे रस्ते पेनाने काढलेले.

"उद्या जो कोण नेल, त्याला द्या, वहिनी. पोरांना उशीर नको."

"अहो भाई, त्या लोकांचं काय मनावर घेता!"

"त्यांचं नाय हो घेतलं. तुम्ही तरी कायतरी लिहाल म्हणून तीन दिवस फोन बघत होतो."

ग्रुपवर ते पहिल्यापासून होते. मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं.