मुंडक्याविना आलेला रोहू

वाघमारे सरांचं नाव आधी घेतो, कारण पदवी माझी असली तरी खटपट त्यांची आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. सर भिगवणच्या आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. मी पुण्याला निघालो तेव्हा त्यांनी एक काम सांगितलं.

“बाजारातून अख्खा रोहू घे. खवले काढू नकोस. रास्ता पेठेत रेबेकामावशींना दे. कॉलेजात असताना मी त्यांच्याकडे राहायचो. त्या अजून रागावल्यात का, एवढं बघून ये. पण विचारू नकोस.”

खवले मी राखले. मुंडकं मात्र कोळणीकडून काढून घेतलं. पुण्यातल्या सभ्य घरात डोळे वटारलेला मासा कसा न्यायचा?

स्वारगेटला रिक्षावाल्याने डब्याचा वास घेतला. “मांडीवर धरा. रिक्षा शाकाहारी आहे.”

मावशी बेने इस्राएली (कोकणातून आलेले मराठी यहुदी). त्या संध्याकाळी त्यांचा नव्याचा सण होता, म्हणजे यहुदी नववर्ष. त्यांनी दारातच डबा उघडला.

“खवले आहेत, पर आहेत. म्हणजे आम्हाला चालणारा. आणि डोकं?”

“वाघमारे सरांनी पाठवलाय,” एवढंच मी म्हणालो.

“त्यानेच खाल्लं असणार,” असं म्हणून त्या आत गेल्या.

त्यांचे यजमान सॅमसनकाका यांनी खुलासा केला. या रात्री माशाचं डोकं ताटात ठेवून मागणं मागतात: वर्षभर आम्ही डोकं व्हावं, शेपूट नको. सरांनी विद्यार्थीदशेत ते डोकं मागणं होण्याआधीच स्वयंपाकघरात उभ्याने संपवलं होतं.

“तो मुख्याध्यापक झाला,” काका म्हणाले, “आणि मी कारकून म्हणून निवृत्त झालो.”

सूर्य मावळल्यावर जेवणाची तयारी झाली. मध, सफरचंद, डाळिंब, खजूर, दुधी. नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा, कारण मटणाच्या जेवणात गाईम्हशीचं दूध वर्ज्य. काळ्या मनुकांच्या शरबतावर काकांनी हिब्रूत आशीर्वाद म्हटला. मग सगळ्यांनी हात धुतले.

सरांवरचा आळ मला सोसवेना. “मावशी, डोकं मी काढलं,” मी म्हणालो.

कुणी बोललं नाही. मावशी नुसत्या पाहत राहिल्या. मी घाबरलो. सरांचा दोष नाही, सांगितलं. तरी शांतता. मग तुम्ही रागावलात का, हे सरांनी चोरून पाहायला सांगितलंय, तेही सांगून टाकलं.

काकांनी आशीर्वाद म्हटला, पाव मोडला, मधात बुडवून सगळ्यांना दिला. घास गिळून मावशी बोलल्या, “हात धुतल्यापासून पाव तोंडात जाईपर्यंत आम्ही बोलत नाही. तू मात्र बरंच बोललास.”

“पण डोकं खरंच मी...”

“त्याला पाठीशी घालू नकोस.”

माशाच्या डोक्याच्या जागी कोबीचा गड्डा ठेवून मागणं झालं. मला शेपटीचा तुकडा वाढला. चव उत्तम होती.

परतीच्या एसटीत मावशींनी सरांसाठी दिलेला हलव्याचा डबा मांडीवर होता. ज्यांच्यावर राग धरून ठेवावा अशी जवळची माणसं मोजकीच असतात, असं वाटत राहिलं. घरी पोचल्यावर डबा सरांकडे धाडला, सोबत हे पत्र:

आदरणीय सर,
मावशी रागावलेल्या आहेत. डोकं तुम्हीच खाल्लं, असं त्यांचं ठाम मत आहे. पुढच्या नव्याच्या सणाला अख्खा रोहू घेऊन तुम्ही स्वतः यायचं, असा त्यांचा निरोप आहे. माफी मागायची असेल तर हात धुतल्याबरोबर मागा. पाव खाईपर्यंत त्यांना तुम्हाला काहीही बोलता येत नाही.
आपला विद्यार्थी