लिहिलेले मार तीन

“आत्ता खात्रीने काही सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “या आजाराची खात्री माणूस गेल्यावरच होते. मेंदू तपासून.”

माझा नवरा कर्टिस शेजारीच बसला होता. चव्वेचाळीस वर्षांचा, सव्वासहा फुटी, जिवंत. तो म्हणाला, “मग थांबू या की.” आणि हसला. मला हसू आलं नाही. टेबलावरचं पेपरवेट उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं.

आजाराचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी. वर्षानुवर्षं डोक्याला मार बसत राहिला की मेंदू हळूहळू झिजतो. जिवंतपणी कागदावर फक्त ‘दाट शक्यता’ लिहितात.

मी नाशिकची. सौदी अरेबियात जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात इंजिनिअर आहे. टेक्ससला शिकत असताना कर्टिस भेटला. तेव्हा तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचा. आपल्या फुटबॉलचा आणि त्या खेळाचा संबंध नावापुरताच. कर्टिस लाइनबॅकर होता, म्हणजे बचावाच्या फळीतला. चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला अंगावर जाऊन आडवा करायचं, हेच त्याचं काम. नऊ हंगाम त्याने ते केलं. सामन्यांत आणि सरावातही. गुडघा गेला तेव्हा थांबला. पुढे मला इथे नोकरी लागली आणि तो माझ्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आला. “बायको माझी कफील आहे,” म्हणजे मला इथे ठेवून घेणारी जामीनदार, असं सांगून तो सगळ्यांना हसवायचा.

पहिलं लक्षण दिसलं ते खफजी शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मित्रांकडे जेवायला निघालो होतो. त्याने गाडी कडेला घेतली आणि मला विचारलं, “टीमची बस पुढे गेली का?”

मागच्या सीटवरून आमची मीरा ओरडली, “डॅड, नॉट फनी!”

तो थट्टा करत नव्हता.

मग डोकेदुखी सुरू झाली. उजेड सोसेना. एकदा मीराने गाणी मोठ्याने लावली म्हणून त्याने तिच्या खोलीचं दार लाथेने मोडलं आणि त्याच दारापाशी बसून रडला. मी म्हणत राहिले, कसला तरी ताण असेल, उन्हाळा असेल. आठ महिने म्हणत राहिले. तुमच्या घरात असं काही चालू असेल तर माझ्यासारखं करू नका.

एमआरआय झाला. पाठीतलं पाणी काढून तपासलं. मग न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट, म्हणजे स्मरणशक्ती आणि लक्ष तपासणारी तीन तासांची परीक्षा. मी बाहेरच्या खुर्चीवर बसून होते. बाहेर आला तेव्हा तो घामेजला होता. “पाच शब्द लक्षात ठेवायचे होते,” म्हणाला. “एक ‘चर्च’ होता. बाकीचे आतच राहिले.”

डॉक्टर सौदी होत्या, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी विचारलं, “कन्कशन किती वेळा झालं?” म्हणजे डोकं आपटून मेंदूला हादरा किती वेळा बसला.

“लिहिलेले तीन,” कर्टिस म्हणाला.

“लिहिलेले म्हणजे?”

मग त्याने सांगितलं. तिसऱ्या हंगामात एका टकरीनंतर तो उठला आणि समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्याला बाजूला नेलं. कुठलं शहर, स्कोअर किती, असं विचारलं. मागून एका खेळाडूने हळूच उत्तरं सांगितली. दोन-तीन मिनिटांत तो पुन्हा मैदानात. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्या प्रेक्षकांत मी होते. मीही वाजवल्या. या गोष्टीचा राग कुठे नेऊन टाकू, मला अजून कळलेलं नाही.

मी त्याचे जुने वैद्यकीय कागद मागवले. त्या सामन्याच्या तारखेपुढे लिहिलं होतं: मानेला लचक, खेळण्यास योग्य. त्या वेळच्या टीम डॉक्टरांना मी फोन केला. निवृत्त झालेत, आवाज गोड आहे.

“मॅडम, तोच परत जायला मागायचा. सगळेच मागायचे.”

“तो चोवीस वर्षांचा होता. डॉक्टर तुम्ही होतात.”

त्यांनी फोन ठेवला.

मग मी कर्टिसवर तुटून पडले. “तू तरी का नाही बोललास?”

“बोललो असतो तर माझी जागा दुसऱ्याने घेतली असती,” तो म्हणाला. “मलाही जागा तशीच मिळाली होती. माझ्या आधीचा बोलला होता.”

या आजारावर औषध नाही. झोपेसाठी, चिडचिडीसाठी गोळ्या आहेत. गाडी चालवणं बंद केलं. डॉक्टरांनी आम्हांला खोटा धीर दिला नाही आणि प्रत्येक प्रश्न त्यालाच विचारला, त्याच्या डोक्यावरून मला नाही. त्यांचे मी आभार मानते. बाकी कुणाचे मानण्याइतकी मी अजून शांत झालेली नाही.

गेल्या महिन्यात मीराच्या इथल्या भारतीय शाळेत सामना होता, आपला साधा फुटबॉल. ती गोलकीपर. चेंडूवर झेपावताना तिचं डोकं खांबावर आपटलं. ती उठली, पण झोकांडी गेली. “आय ॲम फाइन!” ती ओरडली. खेळाचे सर म्हणाले, “दो मिनट दीजिए सर, खेल लेगी.”

कर्टिस मैदानात शिरला होता. “नो,” तो म्हणाला. त्याने तिचे हातमोजे काढले, तिला उचललं आणि सरळ बाहेर आणलं. ती त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. सगळी शाळा बघत होती. हॉस्पिटलात सांगितलं, सौम्य कन्कशन. खेळ बंद, आराम.

मीरा त्याच्याशी बोलेना. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याने मला विचारलं, “ही का रुसली आहे?” मैदानावरचं काहीच त्याला आठवत नव्हतं.

मीरा ताडकन उठली आणि तिने सगळं त्याला रागारागाने सांगितलं. खांब, हातमोजे, हसणाऱ्या मैत्रिणी, सगळं.

तो लक्ष देऊन ऐकत होता, दुसऱ्याच कुणा बापाची गोष्ट ऐकावी तसा. मग म्हणाला, “बरं केलं त्याने.”

मीराने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. “यू डिड, डॅड,” ती म्हणाली. “तू केलंस.”