कोलंबीवर घातलेला आळ

मी डायलिसिसचा टेक्निशियन. घाटकोपरच्या एका सेंटरात मशीन लावण्या-सोडवण्यात अर्धी हयात गेली. पेशंट बोलतात, मी ऐकतो. स्वतःचं सांगायची सवय नाही. हे मात्र सांगायला हवं.

माहुलची एक कोळीण मावशी आमच्याकडे यायची. आज डायलिसिस, उद्या बाजारात मासे विकायला हजर. तिचं रक्त ज्यातून गाळलं जायचं तो फिल्टर आम्ही धुऊन तिलाच चार-पाच वेळा वापरायचो, मग नवा काढायचा. नवा लावला की थोड्याच वेळात मावशी मान खाजवायला लागायची. मग ठसका.

"नवा मना सोसत नाय रं."

"नवाच तर चांगला, मावशी. काल काय खाल्लंस?"

"कोलंबी."

"मग! तीच बाधली."

शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले, "कोळणीला कोलंबी बाधली तर आम्ही काय दुधीच खायचा?" सगळे हसले, मीही. कोळणीला काल काय खाल्लंस विचारलं तर ती दुसरं काय सांगणार, हे माझ्या ध्यानात आलं नाही. की मी येऊ दिलं नाही?

कारण नव्या फिल्टरमधून आधी सलाइनची अख्खी बाटली सोडायची असते. पेशंटची एक पाळी उठलेली नसते आणि दुसरी दारात उभी, नातेवाइकांची कटकट. मी अर्ध्या बाटलीवर भागवायचो. पाणी तर स्वच्छच दिसायचं.

एकदा असाच नवा लावला आणि तिची छाती दाटून आली. श्वास मिळेना. डोळे माझ्यावर. मशीन थांबवलं, डॉक्टर मॅडम धावत आल्या, इंजेक्शन, ऑक्सिजन. जरा स्थिरावल्यावर मॅडमनी विचारलं, "फिल्टर नीट धुतला होतास ना?"

"हो मॅडम. काल कोलंबी खाल्लीय हिने."

इतक्या सहज बोलून गेलो.

फाइलवर कोलंबीच्या ॲलर्जीचा शेरा लागला. मावशीने मासेच सोडले, सगळे. विकायची, पण खायची नाही. गिऱ्हाइकं टोमणे मारायची, "तूच खात नाहीस, मग आमच्या गळ्यात कशाला मारतेस?" पुतण्याच्या हळदीत सगळे कोलंबी-मासे जेवले आणि ही वरणभात घेऊन बसली. "पावण्यासारखी," असं मला सांगून हसली.

त्याच सुमारास आमच्याकडे दुसरे फिल्टर आले आणि तिची खाज थांबली. "तू बोललास तेच खरं निघालं," म्हणत ती मला दुवा द्यायची.

ते फिल्टर दाखवायला आलेल्या कंपनीच्या बाईंनी आम्हाला समजावलं होतं. आतला रक्त गाळणारा धागा जवळपास तोच; फरक निर्जंतुक कसा केला यात. हे वाफेवर केलेले, आधीचे जंतू मारणाऱ्या एका गॅसवर. धागे टोकाला जिथे चिकटवलेले असतात तिथे तो गॅस दडून राहतो, पुरतं धुतल्याशिवाय निघत नाही. एखाद्याचं अंग त्यावर बिथरतं. खाज, ठसका, कधी छातीच दाटते. पहिल्याच वापरात जास्त. मी मान खाली घालून ऐकलं. त्या दिवसापासून अख्खी बाटली सोडायला लागलो. बोललो मात्र काही नाही.

मग मावशीचा मुलगा मुलुंडला राहायला गेला. आईलाही नेणार होता. तिथल्या सेंटरात गॅसवाले फिल्टरही वापरतात, हे मला ठाऊक होतं. आणि तिच्या फाइलवर दोष कोलंबीचा. आता मी गप्प राहिलो असतो तर तिचा श्वास पुन्हा अडकला असता.

मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "मी विचारलं होतं रे तुला," एवढंच म्हणाल्या. फाइल दुरुस्त केली, कोलंबीच्या ॲलर्जीची तपासणी करून घेतली. ॲलर्जी निघाली नाही. ताजी, थोडी, चालेल म्हणाल्या. सुकी नको, मीठ फार.

मावशीला मीच सांगितलं.

"मी बोललेली ना, नवा सोसत नाय?"

"हो."

"आणि तू माझ्या कोलंबीचं नाव घेतलंस."

"हो, मावशी. चुकलो. माफ कर."

"माफी ऱ्हाऊ दे. हळदीचं जेवण परत येतंय काय?" तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "मुलुंडला माझं कोण ऐकंल? तू ये. तुझ्या तोंडानं सांग."

सुट्टी टाकून गेलो. तिथली टेक्निशियन माझ्या मुलीच्या वयाची. "हिला गॅसवाला लावू नका," मी म्हटलं.

"तुमच्या मॅडमच्या चिठ्ठीत आहे ना सर, वाचलंय मी."

"पुरतं सांग," खाटेवरून मावशी म्हणाली.

मग सगळं सांगितलं. अर्धी बाटली. मॅडमशी खोटं. कोलंबी. त्या मुलीने हातातलं फिल्टरचं पाकीट उलटून पाहिलं, ठेवून दिलं आणि आतून वाफेवरचा फिल्टर आणला. त्यातून सलाइनची बाटली शेवटपर्यंत सोडली. मी बघतोय म्हणून असेल, किंवा ती तशीच असेल.

मावशीने हात पुढे केला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "लगेच जाऊ नको. चालू झाल्यावर थोडा वेळ बस."

मी स्टूल ओढून बसलो.